महाग डबा, स्वस्त डबा

अंग्री, २१ सप्टेंबर १९९७

...आधी बाटल्या धुतल्या. बिअरच्या त्याच तपकिरी बाटल्या. पाण्यात सोडा टाकून, लांब दांड्याच्या ब्रशने, एकेक उजेडात धरून. मग अंगण झाडलं. कुंडीतली बेसिलची पानं खुडून ओल्या फडक्यात ठेवली. प्रत्येक बाटलीत एक पान, वर रस, तोंडाशी चार बोटं जागा, आणि बूच दाबायच्या यंत्राचा दांडा खाली. लोखंडी पिंपात बाटल्या आडव्या रचल्या, मधेमधे जुनी पोती कोंबली, पाणी भरलं आणि खाली लाकडं पेटवली. धूर निघाला तशी भिंतीवरून शेजारची निकोलेत्ता डोकावली.

"कुम्मा, एकटीच? आम्ही काय मेलोय का सगळ्या?"

"थोड्याच आहेत गं. चाळीस."

"चाळीस! तुझ्याकडच्या मांजराला तरी पुरतील का?"

ओर्सोला, हे सगळं तुला काय सांगायचं? सहा वर्षांची होतीस तेव्हापासून पानं घालायचं काम तुझं होतं. पण तुझं कार्ड आलं आणि मला सगळ्यात आधी ती सकाळ आठवली, दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली. पप्पा तेव्हा खिडकीशी खुर्चीत बसायचे.

पप्पांना पुरल्यावर दहा महिन्यांनी तुझं पहिलं अक्षर आलं. नदीवरच्या पुलाचं चित्र, मागे एवढाच मजकूर: "मम्मा, तू बावीस वर्षं कारखान्यात होतीस. खरं सांग, टोमॅटोचा महाग डबा घेण्यात अर्थ आहे का? ओर्सोला." मी ते तीनदा वाचलं. अजून काही लिहिलंयस का म्हणून तिकिटाच्या खालीसुद्धा बघितलं.

विचारलंयस तर सांगते. पट्ट्याशी उभं राहून मी जे बघितलं तेवढंच मला माहीत. डब्यांवरची नावं वाचत वाचतच मी अक्षरं शिकले, हे तुला ठाऊक आहे. आमच्या कारखान्यात वाफेने साल काढलेला टोमॅटो पट्ट्यावरून यायचा. अख्खा, लाल, देठाशी पिवळा नसलेला असला तर तो चांगल्या नावाच्या डब्यात जायचा. फुटलेला, अर्धवट सोललेला चिरून दुसऱ्या डब्यात. दोन्ही टोमॅटोच, विष कशातच नव्हतं. पण स्वस्त डब्यात पाणी जास्त असायचं. दुकानात डबा कानाशी धरून हलव. आत डुचमळलं तर तू पाणी विकत घेतेयस. डबा उघडल्यावर टोमॅटो काट्यावर उचलून बघ, अख्खा वर येतो का. रस बोटाला चिकटतो की ओघळून जातो? आणि मागे काय लिहिलंय ते वाच. टोमॅटो आणि टोमॅटोचा रस, बास.

लसूण परतून दहा मिनिटांत करायचा रस असेल, तर महाग घे. तिथे लपायला जागा नसते, डबा जसा असेल तसा ताटात येतो. पण बरगड्या घालून चार तास रटरटणारा रविवारचा रागू असेल तर स्वस्त डबाही चालतो. त्यात मांस आणि वेळच बोलतात.

तब्येतीला जप. माझी ठीक आहे. डॉक्टरांनी पप्पांचं मीठ बंद केलं होतं ना, मी अजून अळणीच रांधते. घास तोंडात गेल्यावर लक्षात येतं.

तुझी मम्मा


अंग्री, ९ ऑक्टोबर १९९७

ओर्सोला,

तुझं पत्र आलं. चार पानं! निकोलेत्ताने पोस्टमनच्या हातातल्या पाकिटाची जाडी बघितली आणि मला म्हणाली, "तोरिनोहून? मग आता पैसे मागतेय की माफी?" मी म्हटलं, "पाककृती." ती हसली. तुझ्या बाप्तिस्म्याला तिने तुला हातात धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कुम्मा, म्हणून तुझ्यावर रागवायचा हक्क आपला आहे असं तिला वाटतं.

मग दार लावून तू लिहिलंयस ते वाचलं. दफनाहून परत गेल्यापासून तुझ्या खानावळीत तू फक्त महागातलेच डबे आणतेस. तिथल्या कारखान्यातले कामगार अर्ध्या तासात जेवतात, वर चीज भुरभुरवतात, वर्तमानपत्र वाचतात आणि जातात. एकानेही विचारलं नाही की चव बदलली का. थाळीचा भाव वाढवला तर ते समोरच्या खानावळीत जातील, न वाढवता चालवलंस तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दार बंद करावं लागेल. आणि तरी तू लिहितेस, "पप्पांना हेच हवं होतं. ते असताना केलं नाही, आता करते."

म्हणजे कार्डावरचा प्रश्न डब्यांबद्दलचा नव्हता. मीच खुळी, तुला डबा कानाशी धरायला सांगत बसले.

त्या ईस्टरबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. सात वर्षं झाली. मला जे माहीत आहे ते सगळं पप्पांकडूनच. ते तोरिनोहून परत आले ते बूटसुद्धा न काढता पलंगावर बसले. म्हणाले, "तिच्या दाराबाहेर पाटी आहे. साबातोच्या टोमॅटोचा पास्ता. माझं नाव, एर्मेलिं! मी रस्त्यातच उभा राहिलो, रडायला आलं मला. मग आत गेलो. स्वयंपाकघरात ह्या छपराएवढी डब्यांची रास. कुठले ते? देवाला ठाऊक. सगळ्यात हलके."

त्यांनी बाहीने पाटीवरचं नाव पुसलं, हे त्यांनीच सांगितलं. बाही खडूने पांढरी झाली होती, मीच धुतली. तू काय म्हणालीस तेही त्यांनी सांगितलं, आणि ते वाक्य त्यांनी मरेपर्यंत सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला: "पप्पा, डोळे बांधून दिलं तर तुम्हालासुद्धा फरक कळणार नाही."

तुला वाटलं असेल, एवढ्याशा वाक्यावर माणूस सहा वर्षं बोलत नाही का? तू इथलीच आहेस, तुला माहीत आहे. त्या माणसाने सगळे वाण बदलत असताना लांबुळक्या टोमॅटोचं आपल्या घरचं बी राखलं. लोक त्याला वेडा म्हणायचे. रोग आला, लोकांनी गोल, टणक, यंत्राने तोडता येणारे लावले, आणि हा चेस्टनटच्या काठ्यांना रोपं बांधत, एका हंगामात आठ-आठ वेळा तोडणीला वाकत राहिला. त्याच्याकडे शेत छोटं, घर छोटं. जीभ तेवढी मोठी होती. शेजारी त्याच्या तोंडात चमचा घालून विचारायचे, साबातो, हा कुणाच्या बांधावरचा? आणि तो सांगायचा. तू त्याच्या जिभेवर बोट ठेवलंस.

मी त्यांची बाजू घेतेय असं समजू नकोस. मी तेव्हा कुणाचीच बाजू घेतली नाही. त्यांच्या पायांतले बूट काढले आणि जेवायला वाढलं.

मला तुला आणखी काही लिहायचं आहे. आज नाही जमत. तोवर महाग डब्यांची नवी मागणी देऊ नकोस. एवढं ऐक.

तुझी मम्मा


अंग्री, २ नोव्हेंबर १९९७

ओर्सोला,

आज मृतांचा दिवस. सकाळीच कबरस्तानात जाऊन आले. शेवंती लावली, फोटोची काच पुसली. निकोलेत्ता बरोबर होती. फोटोसमोर क्रुसाची खूण करून ती म्हणाली, "बिचारा. पोरीने डब्यांनी मारला." मी गप्प राहिले. घरी येऊन शाल न काढताच लिहायला बसले आहे, नाहीतर पुन्हा उद्यावर जाईल.

पहिल्या पत्रात मी तुला त्या ऑगस्टमधल्या सकाळचं सांगितलं. धुतलेल्या बाटल्या, पानं, पिंप, धूर. बाटल्यांत काय होतं ते सांगितलं नाही. डब्यातले टोमॅटो होते, ओर्सोला. नोचेराच्या बाजारातले, सगळ्यात स्वस्त.

कसं झालं ते सांगते, सबब म्हणून नाही. मे महिन्यात पप्पांना झटका आला. शेत कसायला दिलं, आणि त्या माणसाने काठ्या उपटून प्लॅस्टिकखाली कोशिंबिरीची पानं लावली. पप्पांना मी सांगितलं की त्याने टोमॅटोच लावलेत, आपल्या वाट्याचे देणार आहे. आजारी माणसाला काय सांगायचं? मग जुलै लागला आणि ते रोज विचारायला लागले, अर्ध्या तोंडाने, "बाटल्या कधी?"

तू म्हणशील, इथे टोमॅटोला काय तोटा? कुणाच्याही शेतातून दहा पेट्या आल्या असत्या. आल्या असत्या. पण पेट्या आल्या की त्या दिवशीच उरकावं लागतं, आणि त्याला सहा बायका लागतात. सहा बायका म्हणजे सगळी गल्ली माझ्या घरात. आणि पप्पांनी माझ्याकडून शपथ घेतली होती की त्यांचं लाळ गळणारं तोंड कुणाला दाखवायचं नाही. डॉक्टर आणि पाद्री सोडून त्या घरात कुणी पाऊल टाकलं नाही. डबे थांबतात. ते कपाटात बसून राहतात, कुणाला हाक मारत नाहीत.

बसने तीन खेपा केल्या, चाकांची पिशवी घेऊन. वर कोबी ठेवायची. परत येताना एकदा पाद्रीच भेटला, म्हणाला, "दोन्ना एर्मेलिंदा, दोघांच्या मानाने फार कोबी खाता तुम्ही." रात्र नको, दिवसाउजेडीच केलं सगळं, दार लावून. डबे उघडले, चाळणीच्या यंत्रातून फिरवले, पाणचट रस होता तो तासभर आटवला आणि बाटल्यांत भरला. रिकामे डबे लाटण्याने चेपले आणि पुढच्या आठवड्यात नोचेरालाच नेऊन टाकले. मग अंगणात पिंप पेटवलं. बाटल्या आधीच शिजलेल्या रसाच्या, उकळल्या नसत्या तरी चालल्या असत्या. पण धूर दिसायला हवा होता. त्यांना खिडकीतून, आणि निकोलेत्ताला भिंतीवरून.

माझ्या हातच्या बाटल्यांचं नाव होतं ह्या गल्लीत. लग्नात कुणाला आहेर काय द्यायचा तर एर्मेलिंदाच्या सहा बाटल्या. हेही होतं मनात. फक्त पप्पांसाठी केलं असं लिहिलं तर खोटं होईल.

पहिल्या रविवारी बरगड्यांचा रागू केला, मिठाशिवाय. मी त्यांना भरवत होते. एक घास, दुसरा घास. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, ओळखलं. ते म्हणाले, "हा. हा आपला. वरच्या बांधाकडचा, तिसऱ्या तोडणीचा." आणि मग, "बोलाव तुझ्या लेकीला. डोळे बांधा म्हणावं माझे."

त्यानंतर दर रविवारी हेच. वर्षभर. दर रविवारी मी तुझ्याविरुद्ध खोटी साक्ष देत होते आणि त्यांच्या हनुवटीवरचं पुसत होते.

आजारपणाने जीभ गेली होती का? असेल. चार तासांच्या रागूत कुणालाच कळलं नसतं का? तेही असेल. बरा माणूस, दहा मिनिटांचा रस आणि त्यांच्या स्वतःच्या शेतातला ऑगस्टचा टोमॅटो असता तर तू हरली असतीस, असं मला अजून वाटतं. म्हणजे तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होता. पण ज्या माणसाच्या नावाने तू आज महाग डबे फोडतेस, तो शेवटचं वर्ष तुझ्याच डब्यांवर जगला आणि मिटक्या मारत जगला. कामगारांसाठी स्वस्तातला घे, बरगडी घाल, वेळ दे. खानावळ बुडवू नकोस. ह्यात कुठलंही पाप नाही. पाप माझं आहे, तू त्याचं पोतं उचलू नकोस.

मम्मा


अंग्री, २३ नोव्हेंबर १९९७

ओर्सोला,

तुझं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा नाही वाचवलं. "तू गप्प बसलीस. तुझं नाव राहावं म्हणून मला वाईट ठरू दिलंस." खरं आहे. "दफनाच्या दिवशी मी चर्चच्या मागच्या बाकाशी उभी होते, निकोलेत्ताकाकूंनी हात पुढे केला नाही, आणि तू बघत होतीस." बघत होते. ह्यापुढे मला लिहू नकोस असं लिहिलंयस, आणि खाली, वेगळ्या शाईने, एक प्रश्न लिहिलायस: "त्यांना कधी कळलं का?"

तो प्रश्न नसता तर मी तुझं ऐकून गप्प राहिले असते.

मागच्या रविवारी निकोलेत्ता कॉफीला आली होती. तुझा विषय निघालाच. मी म्हटलं, "कुम्मा, त्या वर्षीच्या बाटल्या डब्यातल्या होत्या." तिला आधी कळेचना. मग ती म्हणाली, "माझ्या भाचीच्या लग्नात दिल्यास त्या?" मी हो म्हटलं. "सहाच्या सहा?" "सहाच्या सहा." तिने कप खाली ठेवला. "मग आम्हाला पोरीला बोल का लावू दिलेस?" म्हणाली. तिचा हा प्रश्न आणि तुझा, दोन्ही एकाच आठवड्यात माझ्यासमोर आले. उठताना ती म्हणाली, "आता गल्लीत सांगू का नको?" मी म्हटलं, "सांग." तिने सांगितलं. आता बेकरीत मी शिरले की बायका एकदम ब्रेडबद्दल बोलायला लागतात. तुला हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. आता झाकायला काही उरलं नाही, म्हणून पुढचं लिहिता येतंय.

हो. त्यांना कळलं. मी सांगितलं.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, गुरुवार. शेवटच्या पाच बाटल्या राहिल्या होत्या. दुपारचे बारा वाजले होते, मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. त्यांनी माझा हात धरून कागद खाली केला.

"दोन बाटल्या तोरिनोला पाठव."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तिथे पोप राहतो का? तिला. खाऊन बघ म्हणावं. मग बोल म्हणावं बापाशी."

सहा वर्षांत त्यांनी तुला काही पाठवायला सांगितलं ते हे पहिलं. हट्ट तोच होता, पण हात पुढे केलेला होता, मला दिसत होता. आणि त्या बाटल्या मी तुला कशा पाठवणार? तू बूच काढलं असतंस, हुंगलं असतंस, आणि तुझ्या स्वयंपाकघरातला तो वास तू ओळखला असतास. मम्मानेच केलंय, पप्पांना फसवलंय, हे तुला एका घासात कळलं असतं.

मी म्हटलं, "साबातो, त्या आपल्या नाहीत."

"मग कुणाच्या?"

सांगितलं. शेत, कोशिंबीर, बस, कोबी, सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही, वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग खुर्ची हलायला लागली. मला वाटलं पुन्हा झटका आला. वर बघितलं तर ते हसत होते. अर्ध्याच तोंडाने, डोळ्यांतून पाणी.

"वरच्या बांधाकडचा," म्हणाले. "तिसऱ्या तोडणीचा!"

"गप्प बस रे."

"वर्षभर मी त्या डब्यांना नाव देत होतो. एर्मेलिं, तू पक्की चोर आहेस." मग हसू थांबलं. म्हणाले, "म्हणजे पोरगी खरं बोलली होती."

"तू आजारी होतास. बरा असतास तर..."

"तेही असेल. पण ती खरं बोलली होती. फोन लाव. सांगतो तिला, बाप हरला म्हणून. लाव आत्ता."

मी घड्याळाकडे बघितलं. साडेबारा. मी म्हणाले, "आत्ता तिची खानावळ भरलेली असेल, बोलायला कुठे सवड? उद्या सकाळी लावू."

"उद्या तर उद्या," म्हणाले. "पण विसरू नकोस."

ओर्सोला, तुझी धावपळीची वेळ होती हे खरं होतं. पण मी त्यासाठी थांबले नाही. फोन लावला असता तर त्यांनी तुला बाटल्यांची गोष्ट सांगितली असती, हसत हसत, आणि तू निकोलेत्ताला, आणि तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला. मला लाज गिळायला एक दिवस हवा होता. एकच.

त्या संध्याकाळी ते खूश होते. सूप घेतलं, अर्धं सफरचंद खाल्लं. झोपवताना म्हणाले, "तिच्याशी काय बोलायचं ते ठरवलंय मी," आणि काय ते सांगितलं नाही. "तुला सांगितलं तर तू त्यातही पाणी घालशील." हेच शेवटचं. पहाटे मी उठले, शेगडी पेटवली, कॉफी ठेवली आणि त्यांना उठवायला गेले.

डॉक्टरांना बोलावलं. पाद्रीला बोलावलं. निकोलेत्ताने आरसा झाकला. सात वाजता मी तुला फोन लावला. दोन घंटा वाजल्यावर तू उचललास. मी म्हणाले, "ओर्सोला, पप्पा गेले," आणि फोन खाली ठेवला.